चाचांचा प्रोग्राम

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा माणूस म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र येते? बहुधा एक रिकामा पडदा, आणि त्यावर भराभर नव्या ओळी लिहिणारा कोणी तरुण. मीही हे चित्र मनात ठेवूनच प्रोग्राम लिहायला शिकलो. वर्गात प्रत्येक धडा कोऱ्या पानापासूनच सुरू होतो. "एक ते शंभर या अंकांची बेरीज करा", "दिलेले वर्ष लीप वर्ष आहे का ते सांगा", अशी छोटी छोटी गणिते असतात. एक गणित सुटले की पान पुसायचे आणि दुसरे घ्यायचे.

प्रत्यक्षातले काम असे नसते. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाती, विजेची बिले, परीक्षांचे निकाल, या सर्वांसाठी लागणारे प्रोग्राम कोणी ना कोणी आधीच लिहून ठेवले आहेत. काही प्रोग्राम तर लिहिणारा माणूस निवृत्त झाल्यावरही चालू असतात. म्हणून नव्याने कामाला लागलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी येतात. त्या वाचायच्या, समजून घ्यायच्या आणि चालू काम न थांबवता त्यांत बदल करायचा, हे त्याचे काम. या कामाविषयी मी तुम्हांला सांगणार आहे. मी स्वतः यात नवशिका आहे. पण नवशिक्याला ज्या गोष्टींचे नवल वाटते, त्या जाणत्या माणसाला सांगाव्याशाही वाटत नाहीत. म्हणून हे आत्ताच सांगून टाकतो.

आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील पुस्तके आहेत. पुस्तके देण्याघेण्याची नोंद संगणकावर होते. ती नोंद ठेवणारा प्रोग्राम २००४ साली वाचनालयातल्याच एका कारकुनांनी लिहिला. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा संगणकाच्या कोणत्याही वर्गाला गेले नव्हते. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी जावा या संगणकभाषेचे एक पुस्तक आणले आणि वाचनालय बंद झाल्यावर रात्री बसून ते शिकले. त्यांचा प्रोग्राम इतकी वर्षे चालला. चाचा मात्र आता नाहीत.

सध्याच्या ग्रंथपाल बाईंना सारे आपा म्हणतात. त्यांनी मला बोलावून सांगितले, "बेटा, प्रोग्राम चालतो तर आहे. पण सकाळी सुरू व्हायला फार वेळ घेतो. आणि काही नवीन घालायचं म्हटलं, तर कुठे घालायचं तेच कोणाला कळत नाही. तू एकदा नीट करून दे. मात्र वाचनालय एक दिवसही बंद राहता कामा नये. मुलं येऊन परत जातात, ते मला बघवत नाही."

प्रोग्राम सुमारे अकराशे ओळींचा होता. सगळ्या ओळी एकाच फाइलमध्ये, एका खाली एक. कोणती ओळ कशासाठी आहे याचे स्पष्टीकरण जवळजवळ कोठेच नाही. काही ठिकाणी एकच मजकूर दोनदोनदा, तीनतीनदा आलेला. असे काही समोर आले की नवशिक्याला पहिली इच्छा होते ती सारे फेकून देऊन नव्याने लिहिण्याची. याचे कारण सोपे आहे. दुसऱ्याचे लिखाण वाचणे कठीण, आपले लिहिणे सोपे. तुमच्या वर्गात कोणी आजारी पडला आणि त्याला दुसऱ्याच्या वहीवरून अभ्यास उतरवून घ्यावा लागला, तर तोही हेच म्हणतो की याच्यापेक्षा धडा मीच पुन्हा वाचतो. परंतु वही आणि प्रोग्राम यांत एक फरक आहे. वहीतला धडा पुस्तकात असतो. चाचांच्या प्रोग्राममधल्या कितीतरी गोष्टी दुसऱ्या कोणत्याही कागदावर नव्हत्या, आणि ज्यांना विचारावे ते या जगात नव्हते.

तुम्ही रफूगराचे काम पाहिले आहे का? रफू हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि आमच्या मराठीतही. शेरवानीला किंवा शालीला भोक पडले तर रफूगर त्यावर ठिगळ लावत नाही. तो त्याच कापडाच्या काठातून किंवा आतल्या शिवणीतून धागे काढतो आणि भोकाच्या जागी आडवे-उभे धागे विणून कापड पुन्हा तयार करतो. चांगल्या रफूगराने काम केले, तर नेमके कोठे फाटले होते ते सांगता येत नाही. प्रोग्रामच्या बाबतीतही असे एक काम असते. बाहेरून प्रोग्राम पूर्वीसारखाच वागतो, वापरणाऱ्याला काही फरक जाणवत नाही, परंतु आतली रचना सुधारलेली असते. इंग्रजीत याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांचे याच नावाचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा शब्द जगभर रूढ झाला. मराठीत आपण त्याला पुनर्रचना म्हणू. पण मला विचाराल, तर रफू हा शब्द अधिक चांगला आहे.

यात एक अट असते. पुनर्रचना करताना वागणूक बदलायची नाही. दंड एक रुपयाचा दोन रुपये करायचा असेल, तर ते काम वेगळे. ते वेगळ्या दिवशी करावे. दोन्ही एकदम केले आणि काही बिघडले, तर बिघाड कशामुळे झाला ते शोधता येत नाही.

पण प्रोग्राम पूर्वीसारखाच वागतो आहे हे कळणार कसे? त्यासाठी मी प्रोग्रामला हात लावण्याआधी एक वही केली. तीत चाळीस प्रश्न लिहिले. वाचनालयाचा नियम असा आहे की पुस्तक चौदा दिवस ठेवता येते, नंतर दर दिवसाला एक रुपया दंड. मग पहिला प्रश्न : २० फेब्रुवारी २०२३ रोजी नेलेले पुस्तक कधी परत करायचे? उत्तर, ६ मार्च. दुसरा प्रश्न : २० फेब्रुवारी २०२४ रोजी नेलेले पुस्तक कधी परत करायचे? उत्तर, ५ मार्च. २०२४ हे लीप वर्ष होते, फेब्रुवारीचा एक दिवस वाढला, म्हणून तारीख एक दिवस अलीकडे आली. तेच पुस्तक १० मार्चला परत आले तर दंड किती? पाच रुपये. नेले त्याच दिवशी परत केले तर? एकाच सभासदाने एकाच पुस्तकाची दोनदा मागणी केली तर? असे चाळीस प्रश्न.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक प्रश्नापुढे मी माझ्या मते बरोबर असलेले उत्तर लिहायचे नव्हते. चाचांचा प्रोग्राम जे उत्तर देतो तेच लिहायचे होते. पाच-सहा ठिकाणी ते उत्तर मला विचित्र वाटले. तरी तेच लिहिले, आणि शेजारी पेन्सिलीने एक छोटी खूण केली. मग हे चाळीस प्रश्न विचारणारा आणि उत्तरे ताडून पाहणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. आता मी एखादी ओळ बदलली की तो चालवायचा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो सांगतो, चाळीसपैकी चाळीस बरोबर, किंवा अडतीस.

पहिल्यांदा मी फक्त नावे बदलली. प्रोग्राममध्ये प्रत्येक संख्येला एक नाव द्यावे लागते. चाचांनी काही नावे नुसती एका अक्षराची ठेवली होती. एका अक्षराच्या नावावरून आत काय आहे ते समजत नाही. त्या जागी 'उशिराचे दिवस', 'शेवटची तारीख' अशा अर्थाची नावे आली आणि निम्मा प्रोग्राम आपोआप वाचता येऊ लागला. काही नावे मात्र चाचांनी उर्दू शब्दांवरून ठेवली होती, फक्त अक्षरे इंग्रजी. तारीख, जमा, बाकी, रक्कम, दाखल. मराठी माणसाला यांतला एकही शब्द विचारावा लागत नाही, कारण हे शब्द शेकडो वर्षांपासून आपल्या दफ्तरांत आणि जमाखर्चात आहेत. ती नावे मी जशीच्या तशी ठेवली. 'जुर्माना' या नावापाशी थोडा विचार केला. मराठीत आपण दंड म्हणतो. पण पुढे हा प्रोग्राम आपाच पाहणार, आणि त्यांना जुर्माना हा शब्द जवळचा. तोही राहू दिला. वाचणाऱ्याला कळते ते नाव चांगले, एवढाच माझा नियम.

एकेक बदल करताना मी प्रत्येक टप्प्याची नोंदही ठेवत होतो. यासाठी गिट नावाचे एक साधन आहे. लिनक्स ही प्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. गिटमध्ये प्रोग्रामची प्रत्येक अवस्था साठवता येते आणि हवे तेव्हा मागच्या कोणत्याही अवस्थेला परत जाता येते. त्यामुळे भीती बरीच कमी होते.

आता दंडाचा हिशेब. तो प्रोग्राममध्ये तीन ठिकाणी होता. मुख्य खिडकीवर पुस्तक परत घेताना एकदा, महिन्याचा अहवाल काढताना दुसऱ्यांदा आणि बालविभागात तिसऱ्यांदा. प्रत्येक ठिकाणी पंधरावीस ओळी, आणि दिसायला सारख्याच. एकच गोष्ट तीनदा लिहिलेली असली की एक मोठा तोटा होतो. उद्या नियम बदलला, तर तिन्ही ठिकाणी आठवणीने बदल करावा लागतो, आणि एखादी जागा हमखास सुटते. म्हणून असे मजकूर एकत्र करून एकाच ठिकाणी लिहावेत, हे पुनर्रचनेतले अगदी पहिले काम मानले जाते.

मी तिन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचले. पहिला आणि दुसरा तंतोतंत सारखे. तिसऱ्यात एक ओळ जास्त होती. तिचा अर्थ असा : रक्कम दहापेक्षा जास्त झाली तर ती दहाच धरावी. ही चूक होती की मुद्दाम लिहिलेले होते? वाचनालयाच्या भिंतीवरच्या नियमांच्या फलकावर असे काही नव्हते. माझ्या वहीतल्या पेन्सिलीच्या खुणांपैकी एक याच उत्तरापुढे होती.

मी आपांना विचारले. त्यांनाही आठवेना. मग त्यांनी कपाटातून ठरावांच्या जुन्या वह्या काढल्या. दोन दुपार आम्ही त्या चाळल्या. शेवटी २००९ सालचा ठराव सापडला : बालविभागातील सभासदांकडून दहा रुपयांहून अधिक दंड घेऊ नये. तो वाचला आणि आपांना सारे आठवले. एका मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत पुस्तक नेले होते. सुटीत तो मामांच्या गावी गेला आणि दोन महिने परतलाच नाही. आल्यावर त्याने हिशेब केला, साठ रुपये दंड. घरी सांगायची भीती वाटली, म्हणून पुस्तक ट्रंकेत लपवले आणि वाचनालयाकडे फिरकणेच सोडले. चाचा त्याच्या घरी गेले, पुस्तक घेऊन आले, आणि समितीच्या पुढच्या सभेत त्यांनी हा ठराव मांडला. त्याच रात्री त्यांनी ती एक ओळ प्रोग्राममध्ये घातली असावी.

त्या ओळीमुळे किती मुले वाचनालयात येत राहिली, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. तिन्ही मजकूर एक करायचे काम मी केलेच. पण आता त्या एका मजकुरात मर्यादेचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि त्याच्या वर ठरावाचे साल लिहिले आहे.

याहूनही मोठे कोडे पुढे होते. पुस्तकांचा शोध घेणाऱ्या भागात मला या तीन ओळी दिसल्या : १६०३ असेल तर १७०५ करा, १६१० असेल तर १७४० करा, १६०७ असेल तर १७२९ करा. आसपास एक शब्दही स्पष्टीकरण नाही. १७२९ ही संख्या तुमच्या गणिताच्या शिक्षकांना विचारून पाहा, ते खूश होतील. एकाचा घन अधिक बाराचा घन १७२९ होतो, आणि नवाचा घन अधिक दहाचा घन हाही १७२९ होतो. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे, असे आपल्या रामानुजन यांनी हार्डी या इंग्रज गणितज्ञाला सांगितले होते. पण पुस्तकांच्या शोधात रामानुजन यांचे काय काम?

संगणकाला अक्षरे समजत नाहीत, फक्त अंक समजतात. म्हणून जगातल्या बहुतेक लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. मी यादीत शोधले. १६०३ म्हणजे काफ. १७०५ म्हणजेही काफ! १६१० म्हणजे ये आणि १७४० म्हणजेही ये. १६०७ म्हणजे हे, आणि १७२९ म्हणजेही हे. म्हणजे काफच्या जागी काफ, येच्या जागी ये आणि हेच्या जागी हे. मला उर्दू वाचता येत नाही. माझ्या दृष्टीने या ओळी म्हणजे डाव्या खिशातला रुपया उजव्या खिशात ठेवण्यासारख्या होत्या.

तेव्हा मदतीला आली ती तुमच्यासारखीच उर्दू शाळेत नववीत शिकणारी एक मुलगी. शाळा सुटल्यावर ती रोज वाचनालयात येते. मी तिला संगणकावर दोन्ही काफ वापरून 'मुल्क' हा शब्द लिहून दाखवला. शब्दाच्या शेवटी काफ येतो म्हणून तो पूर्ण रूपात दिसतो. ती लगेच म्हणाली, "दादा, हा दुसरा काफ आपल्या उर्दूचा नाही. याच्या पोटात लहानशी खूण आहे बघा. असा काफ अरबीच्या पुस्तकात असतो." मग तिने 'किताब' लिहायला सांगितले. आता दोन्ही शब्द पडद्यावर अगदी एकसारखे दिसू लागले, कारण शब्दाच्या सुरुवातीला काफचे रूप आखूड होते आणि पोटातली खूण नाहीशी होते. येचेही तसेच. 'ज़िंदगी'च्या शेवटी अरबी येखाली दोन नुक्ते दिसतात, उर्दू येखाली दिसत नाहीत. पण 'तारीख'मधले दोन्ही ये सारखेच दिसतात.

डोळ्यांना सारखे, पण संगणकाला वेगळे! त्याच्या दृष्टीने १६०३ आणि १७०५ यांत हजार योजनांचे अंतर आहे. आपांनी सांगितले की सुरुवातीला वाचनालयात उर्दूचा कळफलक नव्हता, अरबी कळफलकावर काम चालवत. म्हणून जुन्या पुस्तकांची नावे अरबी काफने लिहिली गेली आणि नव्यांची उर्दू काफने. मी प्रोग्रामची एक वेगळी नक्कल केली आणि तिच्यातून त्या तीन ओळी काढून पाहिल्या. 'कुल्लियात' हा शब्द शोधला. या शब्दात काफही आहे आणि येही. चाचांच्या ओळी असताना सात पुस्तके सापडत होती. ओळी काढल्यावर तीनच सापडली. उरलेली चार कपाटात जागच्या जागी होती, पण शोधणाऱ्याला 'नाही' असे उत्तर मिळाले असते आणि तो घरी गेला असता.

या तीन ओळी मी आहेत तेथेच ठेवल्या. फक्त त्यांच्या वर, आपांच्या सांगण्यावरून, दोन्ही भाषांत त्यांचे कारण लिहिले.

यावरून तुम्ही म्हणाल, की मग जुने सारे जपूनच ठेवावे. तसेही नाही. सकाळी प्रोग्राम सुरू व्हायला वेळ का लागत होता, ते ऐका. चाचांच्या वेळी माहितीची नक्कल फ्लॉपीवर ठेवत असत. फ्लॉपी म्हणजे एक चौकोनी, पातळ चकती. तिच्यावर १.४४ मेगाबाइट एवढीच माहिती मावे, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही मावणार नाही. म्हणून चाचांनी माहितीचे तुकडे करून ते अनेक फ्लॉप्यांवर ठेवण्याची व्यवस्था केली होती. एकशेचाळीस ओळींची ती व्यवस्था फार हुशारीने लिहिलेली होती. आता वाचनालयातल्या संगणकाला फ्लॉपीची खाचच नाही. तरी प्रोग्राम रोज सकाळी उठून फ्लॉपी शोधत बसे, आणि सापडत नाही याची खात्री होईपर्यंत थांबे. तेवढ्या वेळात आपा पाण्याचा माठ भरून घेत. त्या एकशेचाळीस ओळी मी काढून टाकल्या. हुशारीने लिहिलेल्या होत्या म्हणून थोडे वाईट वाटले. पण त्यांचे कारण संपले होते.

कारण संपले तरी ओळ मागे राहते, हे सगळीकडेच घडते. फार पूर्वी संगणकाची स्मृती महाग होती. तेव्हा जागा वाचवण्यासाठी वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक लिहीत, १९६५ ऐवजी नुसते ६५. त्या काळी हे शहाणपणाचेच होते. पण ते प्रोग्राम अपेक्षेपेक्षा जास्त वर्षे टिकले आणि २००० साल जवळ आले. शून्य शून्य म्हणजे १९०० की २०००? जगभर लाखो जुने प्रोग्राम तपासावे लागले. भारतातील हजारो प्रोग्रामरांनी त्या काळात हेच काम केले.

याहून महाग पडलेले उदाहरण अंतराळातले आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथील कुरू या तळावरून युरोपचे एरियान-५ हे नवे रॉकेट प्रथमच उडाले. त्याच्यावर क्लस्टर नावाच्या मोहिमेचे चार उपग्रह होते. रॉकेटची दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रातला प्रोग्राम आधीच्या एरियान-४ रॉकेटमधून घेतला होता. तेथे तो उत्तम चालला होता. त्यात एक संख्या अशा जागेत ठेवली जात असे, की जिथे जास्तीत जास्त ३२,७६७ एवढाच आकडा मावतो. जुन्या रॉकेटच्या आडव्या दिशेतील वेगासाठी ही जागा पुरेशी होती. नवे रॉकेट त्या दिशेने कितीतरी लवकर वेग घेत होते. उड्डाणानंतर सुमारे सदतीस सेकंदांनी तो आकडा जागेत मावेना आणि यंत्र बंद पडले. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून दुसरे यंत्र जोडीला होते. पण त्यातही तोच प्रोग्राम होता, आणि ते तर क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडले होते. रॉकेट एकाएकी वळले, तुटू लागले आणि आकाशातच नष्ट झाले. त्यात माणसे नव्हती हे नशीब.

चौकशीत जे बाहेर आले ते ऐकून मला फ्लॉपीची आठवण झाली. ज्या भागात तो आकडा मावला नाही, त्या भागाचे काम रॉकेट जमिनीवर असेपर्यंतच होते. उड्डाणानंतर त्याचा काहीही उपयोग नव्हता. जुन्या रॉकेटमध्ये उलटी गणती अगदी शेवटच्या क्षणी थांबवावी लागली, तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून तो भाग उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवीत. नव्या रॉकेटला ही गरज नव्हती. पण ओळी तशाच राहिल्या. पुढे २००० साली नवे चार उपग्रह तयार करून रशियन रॉकेटांनी पाठवण्यात आले.

चाचांच्या ओळीच्या वर कारण लिहिलेले नसताना ती ठेवावी की काढावी, हे ठरवायला मला कधी दोन दुपार लागल्या, कधी दोन आठवडे. अकराशे ओळींच्या आता सुमारे आठशे झाल्या आहेत. प्रोग्राम सकाळी लगेच सुरू होतो, आणि आपा माठ भरण्यासाठी दहा मिनिटे आधी येतात.

नवीन घालण्याचे कामही आता सुरू झाले आहे. पहिली मागणी मराठी विभागाची होती. 'अॅ' हे अक्षर आपण दोन प्रकारे लिहू शकतो. पूर्वी साध्या 'अ'वर चंद्र देऊन लिहीत, म्हणजे २३०९ आणि २३७३ असे दोन क्रमांक जोडून. २००८ साली युनिकोडने या अक्षराला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक दिला. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे या अक्षराने सुरू होणारी पुस्तके अर्धी सापडत, अर्धी सापडत नसत. 'दऱ्या' या शब्दातल्या र चेही तसेच आहे, तोही दोन प्रकारे टाइप होतो. आपांना मी हे दाखवले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मराठीतही दोन काफ आहेत तर!"

त्यासाठी नवी जागा शोधावी लागली नाही. चाचांच्या तीन ओळींच्या खाली मी आणखी दोन ओळी लिहिल्या, त्यांच्यासारख्याच. आता तेथे पाच ओळी आहेत.